एक भिडू देऊन दोन पोरं

परतूरच्या मामांइतके पक्के निर्णय घेणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नसेल. अडचण एवढीच, की संध्याकाळपर्यंत एकाच गोष्टीवर त्यांचे असे तीन-चार पक्के निर्णय होऊन गेलेले असत. मामा माझे कोणी नव्हते. सगळं गावच त्यांना मामा म्हणायचं. गुरांच्या बाजारात बैलांची दलाली करायचे आणि उरलेल्या वेळात परतूरचा कबड्डी संघ चालवायचे, आणि या दोन कामांत काही फरक असतो हे त्यांना कधीच पटलं नाही. नवा खेळाडू आला की आधी त्याचे दात बघत, मग खांद्यावर थाप मारून त्याला मैदानभर चालवत.

बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या जुन्या जालन्याच्या संघाला त्यांचा दिगंबर हवासा झाला. दिगंबर म्हणजे परतूरचा चढाईचा हुकमी गडी. बदल्यात आमचे मॅनेजर दोन कोवळी पोरं द्यायला तयार होते, त्यातला एक मी. मामांची झोप उडाली. "दिगू म्हंजे चालता बैल हाय अन् हे दोन गोऱ्हे. औताला येतील का भुईवर बसतील, कोण सांगावं?" असं म्हणून ते टपरीवर नकार द्यायचे, आणि चहा संपेपर्यंत "पर दिगूचा गुडघा वाजून राह्यला ना," म्हणून होकार. मी महागाचा होतो की दुसऱ्या पोरावर फुकट चाललो होतो, हेच मला कळेना.

शेवटी मामांनी बाजाराच्या रिवाजाप्रमाणे उपरण्याखाली आमच्या मॅनेजरांचा हात धरला. तिथे बोटं दाबून बोलणी करायची, आणि हात सुटला की सौदा पक्का. मॅनेजर कापडवाले, त्यांना ही बोटं कुठली कळायला? मामा जी बोटं दाबतील तीच ते अदबीने परत दाबत होते. अखेर घाम पुसायला त्यांनी हात काढून घेतला आणि मामा ओरडले, "बस! झालं! हात सुटला!" काय झालं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. दिगंबर जालन्याच्या गाडीत बसला आणि आम्ही दोघं परतूरला उतरलो.

दुसरं पोर लवकरच पोलिसात भरती झालं. उरलो मी, आणि मी चढाईला गेलो की बाद होऊनच परत यायचो. तिकडे दिगंबर त्याच वाजत्या गुडघ्यावर ढाली जिंकत होता. लोक म्हणत, "फसले मामा." मग मामा मला जवळ ओढून चारचौघांत माझे दात बघायचे. "अजून भरायचाय गडी. जल्दी कायची हाय?" माझ्यापायी या माणसाचं हसं होतंय, याचं मला फार वाईट वाटायचं.

पुढे खेळ सुटला आणि मी नवीन जालन्यात बँकेत चिकटलो. बऱ्याच वर्षांनी मामा आजारी असल्याचं कळलं, म्हणून भेटायला गेलो आणि न राहवून विचारलंच, "मामा, खरं सांगा, माझ्यात फसलात ना?"

त्यांनी घोंगडीखाली माझा हात ओढून घेतला आणि बोटं दाबायला लागले. आधी एक, मग तीन, मग सगळा पंजा. ती भाषा मला तेव्हाही येत नव्हती, आजही येत नाही. गाडीची वेळ झाली म्हणून मी हात सोडवायला गेलो, तर म्हणाले, "थांब की जरा. सौदा कुठं झाला अजून?"

ती गाडी मी जाऊ दिली.