सतरा स्टार आणि काकांचं जॅकेट

आलेखात माझी रेघ शोधायला साहेबांना चष्मा लावावा लागला. व्हिडिओ कॉलवर सगळ्यांदेखत म्हणाले, "मॅडम, ही खाली चिकटलेली तुमची का?" माझीच होती. बाकीच्यांच्या रेघा वर चढत होत्या, माझी आडवी पडलेली.

कंपनी पुण्याची, मी रत्नागिरीत घरून काम करते. शुक्रवारची दुपार आम्हाला आपापल्या ओपन सोर्स प्रोग्रामसाठी मिळायची. म्हणजे कोणीही फुकट घ्यावा, उघडून बघावा, बदलावा असा. माझा भरती-ओहोटीचा. तिथीवरून उधाण कधी आणि पाण्याचा जोर कधी कमी, ते सांगायचा, तेही नेटवर्कशिवाय. आवडलेल्या प्रोग्रामला लोक स्टार देतात, किती वेळा डाउनलोड झाला तेही मोजलं जातं. मला सतरा स्टार. दुसऱ्या एकाच्या हवामानाच्या प्रोग्रामला हजारो.

"महिनाभरात रेघ हलली नाही तर तुमचा शुक्रवार बंद," साहेब म्हणाले.

डोकं असं सटकलं! पण खोटं कशाला बोलू, त्याच शनिवारी मी दापोलीची एसटी पकडून हर्णेला स्टार मागायला गेले. हर्णे माझं माहेर. प्रोग्राम मुळात माझ्या काकांसाठी केलेला. काका तांडेल, होडी त्यांच्या हुकमावर चालते.

संध्याकाळी मासळीचा लिलाव रंगात आला होता. पहिल्याच खलाशाला विचारलं, "भरतीचं काही वापरता का हो?" त्याने फोन काढून पुढे केला. पडद्यावर सगळ्यात वर लिहिलेलं: "काका, जॅकेट घातलंत का?"

अगं बाई! ती ओळ मी फक्त काकांना दिलेल्या प्रोग्रामच्या फाईलमध्ये टाकली होती, कारण काका लाइफ जॅकेट उशाला घेऊन झोपतात, अंगात मात्र घालत नाहीत. दुसऱ्याच्या फोनवर तीच ओळ. कोळंबी निवडणाऱ्या बाईच्या फोनवरही "काका". वेळणेश्वरहून आलेल्या पाहुण्याच्या फोनवरही.

काकांना गाठलं. "माझी फाईल तुम्ही वाटलीत?"

"मग? हितं रेंज कुठाय? ह्याच्या फोनवरनं त्याच्या. मागितली की द्यायची."

मी ती फाईल काकांना हातोहात दिलेली, त्यांनीही तशीच पुढे दिली. अख्खं बंदर वापरतंय आणि मोजणीत एकही नाही! मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही.

"ती ओळ काढते हो," मी त्या खलाशाला म्हटलं.

"अजिबात नको. रोज तिला शिव्या घालतो नि जॅकेट चढवतो. तुझे काका तेवढे सोडून."

पुढच्या मीटिंगमध्ये हे सगळं सांगितलं. साहेब खूश. "मग मोजूया ना! एक छोटासा कोड टाका. कोण उघडतो, किती वेळा, कुठून, ते रेंजमध्ये आल्यावर आपल्याकडे येईल. तुमची रेघ कुठल्या कुठे जाईल!"

जाळं कुठे टाकलं हे काका सख्ख्या भावाला सांगत नाहीत. ते मी पुण्याच्या ऑफिसात पोचवू? एका रेघेसाठी?

"नाही टाकणार, सर. त्यांनी विश्वासानं फोन पुढे केलाय, मी त्यांच्यावर पाळत ठेवणार नाही. रेघ आडवी तर आडवी."

माझा शुक्रवार हातचा गेला. राग आला, अजून येतो. पण प्रोग्राम कोणाच्या बापाचा नाही, म्हणून आता रविवारी करते. मागच्या वेळी हर्णेला गेले तेव्हा नवी फाईल काकांच्या फोनवर टाकली. ती ओळ तशीच ठेवली, फक्त अक्षरं मोठी केली. स्टार अजून सतराच आहेत.

काका होडीत चढले. फोन उघडला, वाचलं, धक्क्यावर उभ्या माझ्याकडे डोळे वटारून बघितलं, आणि चार खलाशांसमोर निमूट जॅकेट घातलं.