बरणीतलं हाड

शीला, माझी बायको, सरकारी लॅबमध्ये डीएनए तपासते. नागपूरहून दिल्लीला आलो तेव्हा मयूर विहारातले शेजारी विचारायचे, "भाभीजी खून जाँचती हैं?" मी म्हणायचो, "हाँ, मरे हुओं का." ती चिडायची. तिला वाटायचं, देशात ही सोय उभी राहतेय, आपण पाया घालतोय. घाला म्हणावं!

मशीन आलं, फीत कापली, पेढे वाटले. पण त्यात लागणारी रसायनं परदेशातून यायची, ती काही येईनात. "घोडं आलं, चाऱ्याचं टेंडर अडलंय," मी म्हणालो. बाईसाहेब रिकाम्या बसल्या नाहीत. शवागारांत, पोलीस ठाण्यांत शिकवत फिरल्या: हाड कोरडं करून कागदात द्या, प्रेत टिकवायच्या फॉर्मेलिनमध्ये बुडवू नका, त्यानं डीएनए नासतो. लोक माना डोलवायचे, चहा पाजायचे.

भानुमती याच काळात यायला लागली. तिचा मुलगा दिल्लीजवळ मानेसरच्या कारखान्यातून बेपत्ता झालेला. नाल्यात एक प्रेत सापडलं, ओळखू न येणारं. पोलिसांनी ते बेवारस म्हणून जाळलं, तपासणीसाठी एक हाड तेवढं ठेवलं. भानुमतीचं रक्त घेऊन ठेवलं होतं. जुळलं तर तेरावं घालायचं, नाही तर वाट बघायची, एवढंच तिला कळायला हवं होतं. दर सोमवारी गेटवर हजर. शीला बाहेर जाऊन सांगायची, "केमिकल आते ही सबसे पहले आपका."

आलं एकदाचं! शीलानं हाडाचं सील फोडलं आणि वासानंच तिला कळलं. तिनंच शिकवलेल्या शवागारातली बरणी, आणि हाड फॉर्मेलिनमध्ये बुडालेलं. तिनं फोन लावला. पलीकडचा माणूस कौतुकानं म्हणाला, "मॅडम, आपके यहाँ इतनी देर लगती है, काग़ज़ में ख़राब हो जाता. हमने सँभालकर रखा है." आता बोला! पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं, तर त्या बिचाऱ्यानं खरंच जपलं होतं.

शीलानं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. काही निघालं नाही. दुसरं हाडही नव्हतं.

त्या सोमवारी मी तिला एकटीला जाऊ दिलं नाही. तिनं गेटवर सगळं समजावलं, चूक कुणाची तेही सांगितलं. भानुमतीनं ऐकून घेतलं. मग साडीचा पदर बाजूला करून हात पुढे केला.

"मेरा खून कम पड़ गया होगा, मैडम. और ले लो."

मला तिथं उभं राहवेना. शीलानं तिचा हात दोन्ही हातांत धरला, आणि सोडला नाही.