टोपलीतले पुठ्ठे

माझी सून कॉलेजात वनशास्त्र शिकवायची. झाडं लावायची कशी, राखायची कशी आणि तोडायची कधी, हे मुलांना सांगायची. तिचा नवरा, म्हणजे माझा मुलगा, सुतार. शेजारणी चिडवायच्या, "एकाच घरात एक जण झाडं जगवतो नि दुसरा चिरतो, भांडण होत नाही का हो?"

ती म्हणायची, "होतं की. भुसा कुणी झाडायचा यावरून."

गल्लीत तिला सगळे मास्तरीण म्हणत, म्हणून मीही मास्तरीणच म्हणते. अकरा वर्षं शिकवलं तिनं, पण कायमची कधी झाली नाही. दर वर्षी नवी ऑर्डर यायची. मधे आठ दिवस घरी बसवायचे, म्हणजे सलग नोकरी धरायला नको. त्या आठ दिवसांत ती घरातले सगळे पंखे पुसून काढायची. पंखे लख्ख दिसले की आम्ही समजायचो, मास्तरणीला बसवलंय.

शिकवणं मात्र तिचंच. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती घराला लागूनच्या आमच्या सुतारकामाच्या कारखान्यात आणायची, डोळे मिटायला लावायची आणि हातावर चिमूटभर भुसा ठेवून विचारायची, "सांगा, कुठलं लाकूड?" मुलं शिंकायची. वर्षाअखेरीला तीच मुलं वासावरून बिनचूक सांगायची. माझा मुलगा वैतागायचा, "अगं, गिऱ्हाईक उभं आहे, नि तू भुसा कसला हुंगवतेस!"

मग गेल्या वर्षी तिच्या विभागाच्या मोठ्या सरांनी तिला बोलावून घेतलं. वनशास्त्र शिकवायला नि संशोधन करायला सगळ्या देशाची मिळून एक पात्रता परीक्षा असते. सर म्हणाले, "बाई, आता वरून पत्र आलंय. पुढच्या सत्राआधी ती पास झालात तर जागा तुमची. नाहीतर माझे हात बांधलेले आहेत."

घरी येऊन तिनं हे जसंच्या तसं सांगितलं. मुलगा म्हणाला, "अकरा वर्षं शिकवून घेतलं, नि आता विचारतात शिकवता येतं का?"

ती म्हणाली, "विचारू देत. उत्तर द्यायला हवं ना."

वर्षात परीक्षा दोनदा. पहिल्या खेपेला बारा गुण कमी पडले. दीडशे प्रश्न, पास व्हायला पंच्याहत्तर गुण, आणि चुकलं की तिसरा हिस्सा कापायचे. म्हणजे आलेलंही गमवायचं. एक्केचाळीस वय तिचं. म्हणायची, "आई, आता पाठ करायचं म्हणजे गळक्या माठात पाणी भरायचं."

दुसऱ्या खेपेला तिनं पुठ्ठे केले. दारांचे कब्जे नि स्क्रू ज्या खोक्यांतून येतात ती खोकी फाडून तळहाताएवढे तुकडे कापले. एका बाजूला कब्ज्याचं चित्र, दुसऱ्या कोऱ्या बाजूला वर प्रश्न आणि खाली उत्तर. सहाशेच्या वर झाले असतील. दुपारी कॉलेजातून आली की दोन घास खाऊन ती कॉटवर बसायची, मी खाली चटईवर, आणि मी एकेक पुठ्ठा उचलून वाचायची.

माझी शाळा चौथीपर्यंतची. जोडाक्षर आलं की माझी गाडी रुळावरून घसरते. "सागाच्या लाकडात वाळवीला दूर ठेवणारं द्रव्य कोणतं?" इथपर्यंत बरं. उत्तर होतं टेक्टोक्विनोन. ते मी टे म्हणून थांबले, क्टो म्हणून थांबले, तोवर तिनं सांगूनही टाकलेलं असायचं.

"परीक्षेत तुमच्यासारखं वाचणारं कुणी बसवलं ना आई, तर मी देशात पहिली येईन."

"मग ने मला. बसते तुझ्या शेजारी."

"नको. तुम्ही सगळ्या हॉलला उत्तरं ओरडून सांगाल."

माझी तीस वर्षं नर्सरीत गेली, वनखात्याच्या. पिशव्या भरल्या, रोपं वाहिली, पण माझं खरं काम बी निवडायचं. पिंपात पाणी भरायचं नि बी त्यात सोडायचं. बुडेल ते भरीव, ते पेरायला ठेवायचं. तरंगेल ते पोकळ, ते वरच्यावर काढून टाकायचं. हात एकदा बसला की बसला. पुठ्ठ्यांचंही मी तेच केलं. तिला बरोब्बर आलेला पुठ्ठा पत्र्याच्या डब्यात, चुकलेला वेताच्या टोपलीत. ती रोज दोन्हींतले घ्यायची, म्हणून कुठे काय याला तेव्हा महत्त्व नव्हतं.

डबा भरत गेला. झाडांचं, बियांचं, मातीचं जे होतं ते तिला हातानंच ठाऊक होतं, ते चुकायचं नाही. टोपलीत उरलं ते कायद्यांची सालं, किड्यांची हातभर लांब नावं नि उभ्या झाडाचं घनफळ काढायची सूत्रं. तेच ते पुठ्ठे पुन्हा पुन्हा टोपलीत पडायचे.

परीक्षेला दहा दिवस राहिले आणि मुलाला एका शाळेचे बाक करायचं काम मिळालं. दिवसभर मशीन. कानात बोटं घातली तरी भिंती थरथरायच्या. बिचारा म्हणाला, "काम सोडू का?" ती म्हणाली, "वेडा आहेस का?" परीक्षेच्या गावी तिची बहीण राहते, सहा तासांवर. तिकडे जायचं ठरलं.

निघायच्या सकाळी ती पुस्तकं भरत होती. मला म्हणाली, "आई, पुठ्ठे तेवढे तुम्ही बांधून द्या."

पिशवी लहान होती. डबा नि टोपली दोन्ही मावेनात. तिला विचारायचं सोडून मी मनाशीच ठरवलं. इतके महिने जे तिच्या डोक्यात शिरलं नाही, ते दहा दिवसांत काय शिरणार? उगाच बघून धास्ती घेईल. पोकळ बी घेऊन कुणी शेतावर जातं का? डबा फडक्यात बांधला, चार पदरी गाठ मारली आणि टोपली कॉटखाली सारली.

दुसऱ्या दिवशी फोनवर मी विचारलं, "पुठ्ठे नीट पोचले का गं?"

तिनं आधी माझ्या गुडघ्यांचं विचारलं. मग म्हणाली, "पोचले आई. एकही हरवला नाही."

परीक्षा झाली. महिन्यानं निकाल लागला. त्र्याहत्तर गुण आणि वर दोन तृतीयांश. मुलानं पाटीवर हिशेब मांडून मला समजावलं. एक, फक्त एक चुकलेला प्रश्न बरोबर आला असता तर एक गुण वाढला असता, कापलेला तिसरा हिस्सा परत मिळाला असता, आणि नेमके पंच्याहत्तर झाले असते.

त्यानं हे सांगितलं आणि माझ्या डोळ्यांपुढे टोपली आली. बियांसाठी जे खरं, ते शिकण्यासाठी नेमकं उलटं, हे त्या क्षणी मला कळलं. जे येत नाही तेच तर सोबत न्यायचं असतं. तीस वर्षांची अक्कल माझी, त्या अकलेनंच घात केला.

टोपलीचं मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

तिला पत्र आलं. जागेवर दुसरं कुणी आलं. मुलगा म्हणाला, "सहा महिन्यांनी परत परीक्षा आहे की."

"परीक्षा आहे," ती म्हणाली, "जागा नाही."

पंखे तिनं एकदाच पुसले. मग ती नर्सरीत रोजावर लागली, माझ्याच जुन्या पिंपावर. तिथला मुकादम मला रस्त्यात भेटला नि म्हणाला, "आजी, तुमच्या सुनेचा हात चांगला आहे हो. शिकवलंत वाटतं तुम्ही?" मी तशीच पुढे चालू लागले.

ती असली कामावर की दुपारी मी टोपली ओढून काढायची आणि एकेक पुठ्ठा वाचायची. कुठला असेल तो एक? ह्या कायद्याचं साल? का ही अळी? मला तर आता कितीतरी पाठही झालेत. कुणाच्या उपयोगाचे?

परवा कॉलेजातली एक मुलगी घरी आली. भुसा हुंगून गेलेल्यांपैकीच. पुढच्या खेपेला परीक्षा देणार म्हणाली. "मॅडम, तुमचे पुठ्ठे मिळतील का?"

मास्तरीण नर्सरीतून नुकतीच आलेली, नखांत माती. मला म्हणाली, "आई, तो डबा आणा." मी आत वळले तशी मागून म्हणाली, "आणि कॉटखालची टोपलीही."

मी डबा तेवढा मुलीच्या मांडीवर नेऊन ठेवला नि परत आत कॉटपाशी येऊन थांबले. आत येऊन तिनंच टोपली बाहेर ओढली. मी हळूच विचारलं, "कधी कळलं तुला?"

"तिथं फडकं सोडलं तेव्हाच."

"मग मागवली का नाहीस? मी लोटांगण घालत आणून दिली असती."

"म्हणून तर नाही मागवली. ह्यांचं काम अर्धवट, सहा तासांची बस, तुमचे गुडघे. म्हटलं, आठवून आठवून पुन्हा लिहून काढू." ती जराशी हसली, बरं वाटावं असं ते हसू नव्हतं. "पण आई, जे आठवत नाही तेच तर टोपलीत होतं."

"ह्यातले किती आले होते गं पेपरात?"

"मोजले नाहीत," ती म्हणाली.

भुशाच्या वासावरून झाडाचं नाव सांगणारी बाई ती. मोजले नाहीत म्हणे.

बाहेर मुलगी डबा मांडीवर घेऊन बसली होती. टोपली बघून म्हणाली, "अगबाई, केवढे आहेत! मॅडम, आधी कुठले वाचू?"

मास्तरणीनं डबा तिच्या मांडीवरून उचलला, बाजूला ठेवला आणि टोपली पुढे केली.