निवडून ठेवलेली बोंडं

जीपमधून उतरले आणि माळ ओळखूच येईना. आठवड्यापूर्वी इथे कमरेएवढी उंटकटारी होती. आता सगळं सपाट, मध्ये मांडव आणि खुर्च्या.

मी पर्यावरणाचे सर्व्हे करते. सुप्याच्या पुढच्या या माळावर सोलर प्रोजेक्ट यायचा होता. गावाची मेंढरं इथेच चरायची, म्हणून गावाला तो नको होता. मला इथे नखाएवढा, मातकट रंगाचा एक पतंग सापडला होता. त्याची अळी उंटकटारीच्या गोल काटेरी बोंडात राहते, तिथेच खाते. जिल्ह्यात हा पतंग मी दुसरीकडे कुठे पाहिला नव्हता. तो दाखवता आला, तर माळ वाचण्याची आशा होती. आज प्रोजेक्टला मंजुरी देणारे साहेब साइट व्हिजिटला येणार होते.

"तात्या, काटे कुठे गेले?"

सरपंच तात्या खुशीत होते. "समद्या गावानं साफ केलं, म्याडम. एवढं मोठं सायेब येनार, त्यास्नी काट्यात हिंडवायचं व्हय?"

"अहो, अळी त्यातच असते. तुम्हाला दाखवली होती ना मी?"

"ध्यानात हाय की. म्हनून चार झाडं राखलीत." त्यांनी मांडवामागे नेलं. बोंडं टपोरी, निळसर, देखणी. "चांगली चांगली निवडून ठेवली. किडकी हुती ती समदी काल पेटवली."

शेतकरी माणूस, कीड दिसली की उपटून जाळायची हे हाताला लागलेलं वळण. रागवायचं तरी कुणावर?

साहेब आले, नारळ-शाल झाली. मग मी त्यांच्यासमोर एकेक बोंड चिरलं. आत काहीच नव्हतं.

"माझ्याकडे फोटो आहेत, सर."

"फोटोत माळ कुठला, ते कसं कळणार? मला साइटवर दाखवा."

तात्यांना तेव्हा उमगलं. ते राखेच्या ढिगाकडे गेले आणि काठीने उकरू लागले. साहेब चहा पिऊन निघाले तरी ते उकरतच होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

माळाला आता तारेचं कुंपण आहे. मेंढरं हायवेच्या कडेला चरतात. काठच्या बांधांवर मी दोन हिवाळे बोंडं चिरत हिंडले. सगळी निरोगी निघाली.

विरोधकांना कसं तोंड द्यायचं, हे या धंद्यात कुणीही शिकवतं. आपल्या बाजूच्या माणसांना कसं आवरायचं, ते मला अजून कळलेलं नाही.