माझे सासरे आणि सर्व्हरचे शेरे

सबंध इंदापूर तालुक्यात वेबसाइटवर खोटेपणाचा आरोप करून तिच्याशी अबोला धरणारा माणूस एकच आहे, आणि माझं नशीब असं की ते माझे सासरे आहेत. सणसरला असतात. उभी हयात सायकलवरून टपाल वाटण्यात गेली. न पोचलेल्या रजिस्टर पत्रावर पोस्टमनला कारणाचा शेरा लिहावा लागतो. बाकीचे ‘मालक भेटत नाही’ एवढं खरडून मोकळे होत. आमचे आबा मात्र ‘मालक मेव्हण्याच्या लग्नाला कोऱ्हाळ्यास गेले असून सोमवारी परततील, असे शेजारणीने सांगितले’ असं सविस्तर लिहीत. पाकिटावरचा मूळ पत्ता त्यात बुडून जाई. त्यावरून साहेबांची बोलणी त्यांनी पुष्कळ खाल्ली, पण खोट्या शेऱ्याचा ठपका त्यांच्यावर कधी आला नाही.

मी बारामतीत एका भाड्याच्या खोलीत वेबसाइट बनवतो. एकदा आबा माझ्या मागं खुर्ची टाकून बसले होते. पडद्यावरचे आकडे बघून म्हणाले, “हे कसलं हो नंबर?” मी सांगितलं, की आपण एखादं पान मागितलं की सर्व्हर उत्तराबरोबर तीन आकडी नंबर धाडतो, काम झालं की नाही, आणि नसेल तर का, हे त्यावरून कळतं. आबा ताठ बसले. “म्हंजी शेराच की!” मला जे शिकायला वर्ष लागलं ते त्यांनी चहा थंड व्हायच्या आत शिकून घेतलं. दोनशे म्हणजे पोचलं. तीनशे एक, घर बदललं, नवा पत्ता ह्यो. चारशे तीन, माणूस घरात हाय, पर तुमाला भेटणार न्हाय. चारशे चार, ह्या पत्त्यावर असं कुणी राहत न्हाय. आणि चारशे दहा, राहत हुता, गेला, आता येणार न्हाय. हे शेवटचं सांगताना त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. पण ते खरे हरखले ते वेगळ्याच गोष्टीवर. चारशेचे सगळे आकडे म्हणजे मागणाऱ्याची चूक आणि पाचशेचे म्हणजे सर्व्हरची स्वतःची, हे ऐकल्यावर ते माझ्याकडं बघतच राहिले. “पाव्हणं, चूक आमची हाय असं हापिस सोताहून सांगतंय? आन् तेबी लेखी?” पुढचे दोन दिवस सणसरमध्ये ते ही बातमी सांगत हिंडत होते.

तेव्हापासून जगाला नंबर देणं हे त्यांचं कामच झालं. एका कार्यालयात शिपाई म्हणाला, “साहेब न्हाईत.” आबा म्हणाले, “मग पाचशे तीन म्हणा, आन् कवा येणार तेबी सांगा. सर्व्हरसुदीक सांगतो.” घरात चहा मागितला आणि आतून आवाज आला नाही, तर ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहतात. नकाराला त्यांची हरकत नसते, उत्तर न येण्याला असते. सासूबाईंचं म्हणणं, “ह्यास्नी रिटायर करून सरकारनं माझ्यावर सूड उगवला.”

इथवर सगळं मजेत चाललं होतं. मग इंदापूरच्या एका मुलींच्या वसतिगृहासाठी मी प्रवेशअर्जाची साइट केली, आणि आबांनी तिची परीक्षा घेतली. लगेच फोन आला. “जयभीम, पाव्हणं. रिकामा फारम धाडला. तुमचा सर्व्हर दोनशे म्हणतोय. वर ‘धन्यवाद, अर्ज मिळाला’ आन् फुलाचं चित्र!” खरं होतं. काही बिघडलं की लोक घाबरून फोन करत सुटतात, म्हणून मी शहाणपणा केला होता. आत काहीही होवो, बाहेर दोनशेच जायचा. “आबा, लोकांना लाल अक्षरं आवडत नाहीत,” मी म्हणालो. “मयताची बातमीबी कुणाला आवडत न्हाय. म्हून खुशालीचं पत्र लिवायचं व्हय?” असं विचारून त्यांनी फोन ठेवला आणि अबोला धरला, साइटशीही आणि माझ्याशीही. पुढच्या रविवारी घरी आले, तर लेकीशी बोलले, नातीशी खेळले आणि मला द्यायचा निरोप शेजारी बसलेल्या माझ्या बायकोमार्फत दिला. मी हसलो आणि साइट होती तशीच ठेवली.

मग वसतिगृहाची यादी लागली. आबांच्या वरकुट्याच्या भाचीची मुलगी त्यात नव्हती. तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, पण वसतिगृह नाही तर शिक्षण नाही, असं तिच्या वडिलांनी सांगून टाकलेलं. तिनं मुदतीत अर्ज भरला होता, फूलही पाहिलं होतं. वसतिगृह म्हणत होतं, अर्ज आलाच नाही. घरात जो तो तिलाच बोलू लागला, की तूच कुठलं तरी बटण चुकीचं दाबलंस. आठ दिवस ऐकून ऐकून तिलाही तसंच वाटायला लागलं.

आबा अबोला मोडून माझ्या खोलीवर आले. सर्व्हर स्वतःपुरती प्रत्येक अर्जाची नोंद ठेवतो, ती मी उघडली. मुलीचं नाव होतं, शेवटच्या दिवसाची दुपार होती आणि पुढं पाचशे. अर्ज साठवणारी यंत्रणा त्या दुपारी बंद पडली होती आणि मी बाहेर धन्यवाद म्हणत बसलो होतो. हे उघड केलं तर काम जाणार, आणि बारामतीत एकाकडचं काम गेलं की चौघांना कळतं. आबा ओरडतील असं वाटलं, पण ते हळूच म्हणाले, “पोरीवर चारशेचा शेरा बसलाय, पाव्हणं. हाय पाचशेचा. तुमच्याबिगर कुणाला म्हाईत न्हाय.”

दुसऱ्या दिवशी नोंदीचा कागद घेऊन आम्ही इंदापूरला गेलो. वरकुट्याहून मायलेकीही आल्या होत्या. अधीक्षक बाईंपुढं मी ‘काही तांत्रिक कारणांमुळे’ अशी सुरुवात केली. आबा खाकरले. मग मी सरळ म्हणालो, “चूक माझी आहे. हिचा अर्ज वेळेत आला होता. माझ्या साइटनं तो हरवला आणि वर मिळाला म्हणून सांगितलं.” बाईंनी कागद दोनदा वाचला, मला चांगलं झाडलं, पुढचं काम दुसऱ्याला देणार असल्याचं सांगितलं, आणि जागा सोडलेल्या एका मुलीच्या ठिकाणी हिचं नाव लिहिलं.

मुलगी खूश होईल, निदान माझ्यावर चिडेल, असं मला वाटलं. ती जागेबद्दल काही बोललीच नाही. माझ्याकडं वळून म्हणाली, “म्हंजी काका, फारम मी बरोबरच भरला हुता?”

“अगदी बरोबर भरला होतास,” मी म्हणालो.

तिनं आईकडं पाहिलं. आईनं पदर तोंडाला लावला. आबा खिडकीतून बाहेर बघत राहिले.

मला त्या दिवशी फार लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही. अर्जाच्या अशाच साइट मी बऱ्याच ठिकाणी करून दिल्या आहेत. आता एकेक करून त्या दुरुस्त करतो आहे. आबा शेजारी बसून तपासतात. पण मागच्या नोंदी मी सर्व्हरवरची जागा मोकळी करायला कधीच पुसून टाकल्या. त्यांत कुणाचे अर्ज होते, आणि कुठल्या घरात कोण अजून आपलंच बटण चुकलं असं धरून बसलंय, हे आता आबांनाही सापडणार नाही.