राजूरच्या डोंगरात, हौसाबाईंनी भरलेली ओटी

नवरात्रात मी अकोले तालुक्यातल्या डोंगरात देवीला जाणार, असं घरी सांगितलं तेव्हा सगळ्यात आधी आईने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली त्याच दिवशी घरातले देव नदीत सोडले. मी नगरला बँकेत नोकरी करते आणि घरबसल्या जगातल्या धर्मांवर एम.ए. करते. आपल्या धर्माबाहेरची एक उपासना जवळून पाहा, तिथल्या माणसांशी बोला आणि लिहा, असा एक प्रकल्प त्यात असतो. वर्गातले बहुतेक जण यूट्यूबवर बघून लिहितात. मी तसं नाही लिहिणार, असं ठरवलं आणि शेजारच्या एस्तेरला विचारलं. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे, तीन पिढ्यांची ख्रिस्ती. तिच्यासोबत ड्युटी करणाऱ्या संगीताचं माहेर राजूरच्या वरच्या अंगाला, एका वाडीत. तिथे संगीताची आई हौसाबाई एकट्या राहतात. राहायची सोय झाली आणि एस्तेरही सोबत यायला तयार झाली.

शुक्रवारी संध्याकाळी बँकेतून थेट स्टँड गाठला. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाचं रडगाणं कुणी गाऊ नये. पहिला मुक्काम सोनईला, मामाकडे. मामा तिथल्या विहाराचं काम बघतो. जेवताना त्याने विषय काढलाच.

"दसऱ्याला आपला धम्माचा दिवस. आन् तू त्याच्या तोंडावर देवीच्या ओट्या बघायला चालली?"

"अभ्यास आहे, मामा."

"ज्या दारातून आपल्याला हाकललं, त्या दारात परत उभं राहायचा कसला अभ्यास? आडनाव ऐकल्यावर काय हुतं ते कळंल तुला."

"तुम्ही भोगून सोडलंत," मी म्हणाले, "मला ते फक्त ऐकून माहीत आहे. मला बघू द्या."

मामाने ताट सरकवलं आणि हात धुवायला उठला. सकाळी मात्र त्यानेच आम्हाला मोटरसायकलवर एकेक करून स्टँडवर सोडलं.

ज्यांना हा रस्ता करायचाय त्यांच्यासाठी: सोनईहून सरळ राजूरची गाडी शोधत बसू नका. राहुरी, मग संगमनेर, मग अकोले, असं गाड्या बदलत जा. संगमनेरच्या स्टँडवर पोटभर खाऊन घ्या. अकोल्याच्या पुढे उसाचं राज्य संपतं, रस्ता वळणं घ्यायला लागतो आणि उतारावर खुरासणीची पिवळी फुलं दिसू लागतात. आमचे नगरकर डोळे त्या हिरव्या-पिवळ्याला सरावलेले नसतात. एस्तेर खिडकीला नाक लावून बसली होती. राजूरला बाजारात उतरून वर जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. जीप भरेपर्यंत हलत नाही आणि भरली असं चालकाला सहजासहजी वाटत नाही. अंधार पडायच्या आत जीप पकडा, स्वेटर ठेवा, मोबाईलची रेंज विसरा. हॉटेल हवं असेल तर भंडारदऱ्याला जा. वाडीत चटई मिळते.

हौसाबाई वाटेवरच उभ्या होत्या. साठीच्या, बारीक अंगाच्या, पदर खोचलेल्या. त्यांनी वरईचा भात आणि शेंगदाण्याची आमटी वाढली. "आमचा उपास, पन तुमाला न्हाई. भाकर टाकू का?" आम्ही त्यांच्याबरोबर भातच खाल्ला. दुपारी त्या आम्हाला घेऊन देवळाकडे निघाल्या. टेकाडावर पत्र्याचा मंडप, आत काळ्या दगडाची देवी, नव्या साड्यांतल्या बायकांची रांग. पायऱ्यांपाशी एक गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. त्यांना सगळे तात्या म्हणत होते. देवळाचा कारभार त्यांच्याकडे.

"पाव्हण्या कुठल्या?"

"नगरच्या."

"आडनाव काय?"

मी सांगितलं. तात्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, फक्त ते माझ्याशी बोलायचे थांबले. एस्तेरकडे वळले. तिचं आडनाव ऐकून त्यांना उलगडा होईना, म्हणून नाव विचारलं.

"एस्तेर."

"किरिस्ताव व्हय? बरं. दोघी खालीच थांबा. वर बायांचं चाललंय."

खोटं कशाला सांगू, मामा बरोबर होता, हे सगळ्यात जास्त झोंबलं. परत फिरले असते तर मला कुणी दोष दिला नसता. पण मग वाटलं, यांनी 'खाली' म्हणायचं आणि मी खाली राहायचं, हे माझ्या आजोबांनी संपवलंय.

"पूजा करायची नाही आम्हाला," मी म्हणाले. "बायकांशी बोलायचंय. त्या वर आहेत, म्हणून मी वर चाललेय."

चपला काढल्या आणि चढले. एस्तेर मागोमाग. कुणी हात धरला नाही. मागून तात्यांचं पुटपुटणं ऐकू आलं, तेवढंच. मंडपाच्या खांबाला टेकून आम्ही तासभर बसलो. दोन बायका उठून पलीकडे गेल्या. एकीने जवळ सरकून देवीची गाणी ऐकवली, अर्थ सांगितला, माझ्या पोराबाळांची चौकशी केली. मी सगळं टिपत होते. मग लक्षात आलं, हौसाबाई वर आल्याच नव्हत्या. त्या खाली, शेवटच्या पायरीवर बसून होत्या.

संध्याकाळी चुलीपाशी मी विचारलं, तुम्ही का नाही आलात?

"मालक गेले ना. मंग ओटी भरता येत न्हाई." त्यांनी लाकूड आत सारलं. "तुमच्यात काय करत्यात?"

प्रश्न विचारायला मी इतक्या लांब आले होते आणि उत्तर मलाच द्यायचं होतं. "आमच्या धम्मात असं काही नाही," मी म्हणाले. "पण माझी मावशी विधवा झाली तेव्हा तिच्या बांगड्या आमच्याच लोकांनी फोडल्या."

एस्तेर म्हणाली, "चर्चमध्ये कुठेही बसा. पण बाबा गेल्यापासून लग्नात नवरीला हळद लावायला माझ्या आईला कुणी बोलवत नाही."

"म्हंजी समदीकडं हेच," हौसाबाई म्हणाल्या. त्या उठल्या, पत्र्याची पेटी उघडली आणि एक हिरवा खण काढून मांडीवर ठेवला. "दर साली घेते. शेजारनीच्या हातानं धाडते." बराच वेळ त्या खणावरून बोटं फिरवत राहिल्या. आम्ही काही सुचवलं नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण नंतर आमच्यावर तोच आरोप झाला.

सकाळी उठले तर हौसाबाई न्हाऊन तयार. ताटात तांदूळ, खण, नारळ. "चला," म्हणाल्या.

पायऱ्यांवर तात्या उभे राहिले. "हौसा, तुला कळत न्हाई व्हय?"

"कळतंय म्हनून तर आले."

"ह्या बायांनी शिकवलं तुला!"

मी बोलायला तोंड उघडलं, पण हौसाबाईंनी मला हातानेच थांबवलं.

"मला एक सांग तात्या, ह्या देवीचा मालक कुठं हाय? दाव मला. ती बी एकलीच बसलीया की हितं. तिला काढ आदी भाईर, मंग मला काढ."

रांगेत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. तात्या जागचे हलले नाहीत. हौसाबाई त्यांना वळसा घालून वर गेल्या. दारात एका तरुण सुनेने अंग चोरून वाट दिली. बाकीच्यांनी तोंडं फिरवली. आम्ही दोघी दाराच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो. ओटी भरताना हौसाबाईंच्या ओंजळीतले निम्मे तांदूळ खाली सांडले. मी हात जोडले नाहीत. माझा त्या दगडावर विश्वास नाही आणि त्या दिवशीही बसला नाही. पण हौसाबाई बाहेर येईपर्यंत कुणी हटवलं असतं तरी मी त्या दारातून हटले नसते.

परतीच्या जीपमध्ये हौसाबाईंनी दिलेल्या काळभात तांदळाची पिशवी मांडीवर घेऊन एस्तेर रडत होती. रेंज आल्यावर तिने आधी आईला फोन लावला.

दसऱ्याला पांढरी साडी नेसून विहारात गेले, वंदना म्हटली. प्रकल्प लिहून दिला. मार्गदर्शकांचा शेरा आला की अभ्यासकाने तटस्थ राहावं, हौसाबाईंच्या ओटीचा प्रसंग गाळावा. गाळला नाही. गुण कमी पडले तर पडू देत. धर्म नावाची गोष्ट मला ग्रंथांत जेवढी कळली नव्हती तेवढी त्या चुलीपाशी कळली: तिघींचे धर्म तीन आणि तिघींच्या घरातल्या बायकांना बसवायची जागा एकच. हे लिहायचं नसेल तर अभ्यास करायचा कशाला?

काही दिवसांनी हौसाबाईंचा फोन आला. रेंजसाठी वळणापर्यंत चालत आल्या होत्या. म्हणाल्या, देवळाची बैठक झाली. हौसाने देवीला नारळ ठेवावा आणि सगळ्यांसमोर चूक झाली म्हणावं, असं ठरलं.

"मग? घेतला नारळ?"

"घेतला की. चांगला पानीदार बघून घेतला."

"आणि ठेवलात देवीपुढे?"

"ठिवते कशाला?" हौसाबाई म्हणाल्या. "चटनी केली त्याची. लई झ्याक झाली."