कोणी नाही लागत

देवाजी सोमकुवर आपलं नाव सांगायचे आणि त्याच दमात पुढे जोडायचे, "साहेबायचा मी कोनी नाही लागत." समोरच्याने विचारलेलं नसलं तरी! आमच्या मिलमध्ये पहिली युनियन उभी करून पुढे आमदार झालेले सोमकुवरसाहेब अख्ख्या नागपुराला ठाऊक. त्यामुळे देवाजींच्या सक्करदऱ्याच्या खोलीवर कुणी पोराच्या नोकरीचा अर्ज आणायचं, कुणी थेट कुहीहून तांदळाची पिशवी. देवाजी चहा पाजून पिशवीसकट परत पाठवायचे. मी मिलच्या टाइम ऑफिसातला कारकून. एकदा चिडवलं, "अहो, हो म्हणायला काय जातं?"

"आयत्या बिळावर नागोबा नाही व्हाचं मले, बाबू."

मग साहेबांनी मिलमध्ये पुकारलेला लांबलचक संप फसला. साहेब तुरुंगात. गेट उघडलं, पण मॅनेजरने मला बजावलं, सोमकुवर आडनावाच्या प्रत्येकाकडून 'त्या पुढाऱ्याशी माझं नातं नाही' असं लिहून घे. सही करेल तो आत, नाही तो कायमचा बाहेर. खिडकीशेजारी पोलीस लाठ्या टेकून उभे. दोघा सोमकुवरांनी मान खाली घालून अंगठे उठवले. देवाजींची मात्र मला काळजी नव्हती. वीस वर्षं तोंडात असलेलं वाक्य, खाली सही करायची एवढंच. शिवाय त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं.

देवाजींनी कागद सावकाश वाचला. पेन उचललं आणि परत ठेवलं.

"काहून थांबलात? खरं तेच तर आहे!"

"खरं आहे. पन आजवर नाही म्हनलं, तं माझाच फायदा जात होता. आज नाही म्हनलं, तं त्यायले सोडल्यासारखं होते."

"घराकडे बघा हो!" मी जवळजवळ ओरडलोच. मागे मॅनेजरचे बूट वाजले. "क्या हुआ?"

"मी साहेबायचा मानूस आहो," देवाजी त्याला म्हणाले. "लिहून घ्या." मिलचा पितळी बिल्ला खिडकीत ठेवून ते रांगेबाहेर पडले.

आणि मी काय केलं? पुढच्याला हाक मारली.

नंतर ते नाक्यावर सायकली दुरुस्त करायचे. मी दिसलो की चहा मागवायचे. एकदाही टोचून बोलले नाहीत, आणि त्याचीच मला शरम वाटायची.

ते गेले त्या दिवशी दारात त्यांच्या जावयाने विचारलं, "तुम्ही मामाजीचे कोन लागता?"

'कोणी नाही' ओठांवर आलं होतं. खरंही होतं. ते गिळलं आणि खांदा द्यायला पुढे झालो.